दत्तोबा मास्तरांचं फिनिश

साहेब सायकलवरून उतरला आणि दत्तोबा मास्तरांनी चारचौघांदेखत त्याला फिनिशमध्ये नमस्कार ठोकला. साहेब जागीच थबकला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मास्तरांची छाती फुगली. लोणावळ्यातल्या एका बंगल्याच्या अडगळीत सापडलेलं फिनिश व्याकरण ते सहा वर्षं घोकत होते आणि सहा वर्षं भिमाजी पाटील त्यांची टर उडवत होते. फिनलंडचा माणूस मावळात कशाला कडमडतोय, असा पाटलांचा सवाल. सन छत्तीसच्या चैत्रात, भर दुपारी, सोमाटण्याहून सायकल हाणत तो एकदाचा कडमडला होता; फिनलंडचा साहेब येतोय, अशी वर्दी सकाळीच आली होती.

"मास्तर, आता बोला की त्येंच्याशी," पाटील म्हणाले. "न्हाईतर पुस्तक चुलीत घाला."

पण साहेबच आधी बोलला. सुकलेल्या ओठांनी, दोनच शब्द. "ओलेन यानोइनेन."

यानोइनेन! म्हणजे तहानलेला. पान एकशे बारा! मास्तर हरखले. त्यांनी शाळेच्या ओट्यावर मांडी ठोकली, डोळे मिटले आणि लहानपणी छडीच्या धाकाने संस्कृत शब्द चालवत तसा हा चालवायला घेतला. "यानोइनेन, यानोइसेन, यानोइस्ता..." तहानलेल्याचा, तहानलेल्यात, तहानलेल्यातून. पंधरा विभक्त्या, वर अनेकवचन.

पाठ चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, हे लहानथोर जाणून होते. सगळे गपगार उभे राहिले. पाटलांचीसुद्धा मान डोलू लागली. अनेकवचन निम्मं झालं तेव्हा साहेब भिंतीला टेकून खाली बसला.

"शिष्यावानी बसला बगा," कुणीतरी कौतुकाने कुजबुजलं.

भुशीकडची गंगी मोळी विकायला आली होती. तिने डोक्यावरची मोळी धाडकन टाकली. "आगं बया, त्याचं व्हट तरी बगा की!" म्हणत तिने आपल्या तुंब्यातलं पाणी साहेबाच्या तोंडाला लावलं.

पाठ तुटला. मास्तर भडकले. "जरा धीर धरवला नाही? तीनच रूपं राहिली होती!"

साहेब पोटभर पाणी प्यायला. त्याने गंगीला हात जोडले. मग मास्तरांकडे वळून तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "पाणी मला मराठीतही मागता येतं, मास्तर. बारा वर्षं तसंच मागतोय. आज पहिल्यांदाच इथे कुणीतरी माझ्या भाषेत बोललं, म्हणून वाटलं, आज आईकडे मागावं तसं मागून बघू."