मार्व्हाने घेतलेलं कर्ज

बँकांना नकोशी झालेली थकीत गृहकर्जं मार्व्हा स्वस्तात विकत घ्यायची आणि घरमालकांशी बोलून हप्ते पुन्हा सुरू करायची. एकदा डेटन शहरातल्या कर्जांमध्ये तिला धाकट्या भावाचं नाव दिसलं. आजारपणात क्लिफ्टनचे हप्ते थकले होते, पण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. गुपचूप ते कर्ज विकत घेऊन ती रविवारी त्याच्याकडे गेली. तो ओसरीवरचा झोपाळा उतरवत होता. “घर सोडतोयस?” “काय करू, ताई? बँकेने माझं कर्ज कुणा गिधाडाला विकलंय.” “ते गिधाड उपाशी आलंय. आधी जेवायला वाढ.” क्लिफ्टन पायरीवरच बसला. “झोपाळा परत लाव,” ती म्हणाली. “हप्ता निम्मा करते.” “आणि चुकला तर?” “तर मी इथे राहायला येईन.” पहिला हप्ता तारखेच्या आधीच आला. सोबत निरोप होता, “तरीही ये राहायला, ताई.”