चिमुकली मूठ

विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठकूआजींच्या आठवणीचा पहिला खेळ होता आणि स्वतः ठकूआजी पुढच्या रांगेत बसून ती परक्यासारखी बघत होत्या. धरणाचं पाणी गावात शिरलं, त्या अख्ख्या वर्षाची आठवण त्यांनी दान केली होती. अभिलेखागार नक्कल घेत नसे. मूळ आठवण एकदा काढून घेतली की तिला जोडलेलं मागचं-पुढचंही जाई, देणाऱ्याकडे काहीच उरत नसे. आजींना हे समजावून सांगूनच त्यांची संमती घेतली होती.

त्यातलं काय ठेवायचं, हे अभिलेखागाराच्या संपादक हेमांगी दातारने ठरवलं होतं. ट्रक, साहेबांची जीप, बुडणारं देऊळ तिने ठेवलं आणि घरगुती भाग नियमाप्रमाणे पुसून टाकला. तेव्हा तिला आपण चोख काम केलं असंच वाटलं होतं.

पडद्यावर पाणी चढत होतं. कोपऱ्यात आजींचं बोट दिसत होतं आणि एका चिमुकल्या मुठीने ते घट्ट धरलं होतं. तेवढं कापायचं राहून गेलं होतं.

"बाई, हे पोर कुणाचं?" आजींनी विचारलं.

शेजारी बसलेली हेमांगी त्यांच्याकडे वळली. तो आजींचाच मुलगा, त्याच पावसाळ्यात तापाने गेलेला. पुसण्याआधी तिने त्याला पाहिलं होतं. आता तिच्याशिवाय तो कुणाच्याच आठवणीत नव्हता.

"भिवा त्याचं नाव," ती कशीबशी म्हणाली. "आता आपल्या घरात मासे राहायला येणार का, असं विचारत होता."

आजी खुदकन हसल्या.

"लई गोड हाय. त्याच्या आईला बी बोलवायचं होतं की आज."