भुशाचं पारडू

"हा प्रोसेसर ओळखता येत नाही," असं स्क्रीनवर सातव्यांदा आलं तेव्हा दिशाने कपाळाला हात लावला. समोरच्या बाकावरून केशरबाईंनी विचारलं, "आता काय म्हणतंय ते?"

सावेडीतलं कानाच्या मशीनचं दुकान. केशरबाई तिसगावहून नवऱ्याला, मच्छिंद्रबाबांना घेऊन आल्या होत्या. बाबांचं मशीन महिनाभर नुसतं घुंई करत होतं. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली पाच वर्षांची नात पंकजा रोज दुपारी फोन करायची, आणि बाबा फोन कानाला लावून "व्हय, व्हय" करत राहायचे. तिने विचारलं शेळी व्याली का, तरी व्हय. तिने सांगितलं मी पडले, तरी व्हय.

मशीन जुळवायचा प्रोग्राम पंधरा वर्षांपूर्वीचा. तो ज्या कॉम्प्युटरवर चालायचा तो इतका म्हातारा, की त्याचं बटण दाबून माणूस दाढी-आंघोळ उरकून आला तरी हा आपला जांभयाच देतोय. परवा तोही गेला. मग दिशाने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्यासारखा एक खोटा कॉम्प्युटर उभा केला. पण प्रोग्राम आत शिरला की आधी त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, कोणता ते बघायचा आणि पाठ फिरवायचा.

"नाव मी जुन्याचंच दिलंय, आजी. अक्षर न अक्षर तेच. तरी याला कसं कळतं, हा तो नव्हे?"

"म्हशीनं पारडाला कधी नाव इचारलंय का?"

दिशाने मान वर केली.

"आमच्या म्हशीचं पारडू मेलं," केशरबाई म्हणाल्या. "म्हैस धार देईना. शेजारच्या वैजनाथचं पारडू आनून उभं केलं. त्योच रंग, कपाळावर त्योच चांद. अशी लाथ हानली, बादली गेली थेट पाथर्डीच्या रस्त्याला, यष्टीच्या पुढं. मग मेलेल्याच्याच कातड्यात भुसा भरला." त्यांनी हवेतच भुसा दाबून दाखवला, मग धार काढून दाखवली. "ना मुंडी, ना पाय. पर चाटाय लागली. सहा म्हैने दूध दिलं. ती रंग बघत न्हाई, पोरी. वास घेती."

बाबा त्या हातांकडे टक लावून बघत होते.

"मग हा कशाचा वास घेतो?" दिशा स्वतःशीच म्हणाली.

मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क तिने अजून टाकली नव्हती. ती जोडून तिने प्रोग्रामच्या जुन्या नोंदी उघडल्या. त्यांत प्रोसेसरचं नाव कुठेच नव्हतं. नुसते तीन आकडे होते: एक त्याच्या कुळाचा, एक मॉडेलचा, एक आवृत्तीचा. तिने ते तिन्ही उचलून खोट्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये भरले.

प्रोग्राम सुरू झाला. थांबला. बराच वेळ थांबला. मग हिरवी खूण आली.

"चाटलं का?" केशरबाईंनी विचारलं.

"चाटलं, आजी."

अर्ध्या तासाने दिशाने मशीन बाबांच्या कानात बसवलं आणि हळूच विचारलं, "बाबा, येतंय का ऐकू?"

"पंखा लई वाजतो तुमचा," बाबा म्हणाले. मग बायकोकडे वळले. "म्हशीचं सांगत हुतीस न्हवं? हात बघितले मी तुजे. ती काय फसली न्हवती."

"आता काय बोलावं ह्या मानसाला."

"धार मी काढायचो. आधी कातडं चाटायची, मग मान वळवून माज्याकडं बघायची. चांगली टक लावून. तिला समदं ठावं हुतं."

"मग दूध का द्यायची?" दिशाने विचारलं.

तेवढ्यात केशरबाईंच्या पिशवीत फोन वाजला. बाबांनी तो घेऊन मशीनला लावला. पलीकडून एक बारीक आवाज भराभर बोलत होता. बाबा गप्प. मग आवाजही थांबला, आणि काहीतरी एवढंसंच बोलला.

बाबा हसले. "म्हनती, आबा, आज खरंच ऐकू येतंय व्हय तुमाला?"

"तिला कसं कळलं?" केशरबाई म्हणाल्या.

"आज मी व्हय म्हनालो न्हाई."