शेजारची खुर्ची

एवढा मोठा विमानतळ पार करणं हा त्या फिरत्या औषधविक्रेत्याच्या हातचा मळ होता. बिनलेसचे बूट, पट्टा आधीच बॅगेत, आणि रांग निवडायची ती एकट्यादुकट्या माणसांची. कुणाशी अवाक्षरही न बोलता तो गेटपाशी पोचला. पोचलो म्हणून कळवावं, असं कुणी उरलं नव्हतं.

गेटवर मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक जमिनीवर बसले होते, तो बसला होता त्याच्या शेजारची खुर्ची मात्र रिकामी होती. एकजण लगबगीनं आला, त्या खुर्चीकडे बघून "माफ करा" म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मग एक चिमुरडी त्या खुर्चीवर चढू लागली. आईनं तिला मागे ओढलं. "अगं, आजोबांच्या मांडीवर काय चढतेस!"

काहीतरी गंमत असेल म्हणून तो हसला. त्यानं आपली जड बॅग रिकाम्या खुर्चीवर ठेवली, तशी समोरची सगळी माणसं संतापून त्याच्याकडे बघू लागली. त्यानं ती पटकन उचलली.

तेवढ्यात विमानाची घोषणा झाली. तो उठून चालू लागला.

"अहो," मुलीच्या आईनं मागून हाक मारली, "वडिलांना असंच टाकून चाललात? केव्हाचे हात पुढे करून बसलेत."