सातवा पेला

तिसरा पेला आत्याने नुसता हुंगला आणि खाली ठेवला.

"हा मास्तरांचा. पिंप जिन्याखाली ठेवलंय, तिथं ऊन पोचत नाही. कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर मास्तर कसले."

सभागृहात हसू फुटलं. मास्तरही मान खाली घालून हसले, कारण पिंप खरंच जिन्याखाली होतं. कुठला पेला कुणाचा, याची यादी फक्त अधिकारी बाईंकडे होती. त्यांनी एक खूण केली आणि चष्मा काढून आत्याकडे नीट पाहिलं. सकाळी आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा होता, तो आता कुठल्या कुठे पळाला होता.

भांडण नावाचं होतं. वरच्या गावचा सफरचंदाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, गावाच्याच नावाने विकला जाई, आणि खालचं गाव कित्येक वर्षं आपल्या बाटल्यांवर तेच नाव छापत होतं. वरच्या गावाने अर्ज केला, की नाव आमचं आहे, कायद्याने ते आम्हालाच मिळावं. दोनशे वर्षांची चव इथे अखंड चालत आली आहे, असं अर्जात ठळक लिहिलं होतं. अधिकारी बाई म्हणाल्या, चवीत फरक असेल तर दाखवा. दहा पेले, नऊ वरचे, एक खालचा. तो ओळखला तर खालच्या गावाने लेबलं खरवडायची, नाही ओळखला तर अर्ज फेटाळला जाणार.

ओळखणार कोण, यावर दुमत नव्हतं. ती अर्ज करणाऱ्या सिरका संस्थेच्या अध्यक्षाची सख्खी आत्या, आणि होता होता साऱ्या गावाची आत्या झालेली. पंचाहत्तरीला टेकली होती. डोळे अधू झाले होते, गुडघे कुरकुरत होते, जीभ मात्र चाखायला आणि बोलायला सारखीच तल्लख होती. खालच्या गावाचा विषय निघाला की ती "ते चोर" एवढंच म्हणायची. अर्जासाठी भाच्याच्या मागे लकडा लावला होता तो तिनेच.

चौथा पेला शिंपीणबाईंचा निघाला. या वर्षी पिंपावरचं फडकं बदललंय हेही आत्याने सांगितलं, तेव्हा शिंपीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. मग पाचवा, मग सहावा. कुणाचं पिंप गळतं, कुणी सफरचंदं आठवडाभर आधीच उतरवली, सगळं ती समोर दिसत असल्यासारखं सांगत गेली. आता कुणी हसत नव्हतं. जन्मभर शेजारी राहिलेली ही बाई आपल्याला कधी कळलीच नाही, असं वाटून लोक थक्क होऊन बघत होते. खालच्या गावातून एकच म्हातारा आला होता. आपण हरत चाललोय हे विसरून तोही पुढे वाकून बसला होता.

सातवा पेला तिने ओठांना लावला. घोट घेतला, पण पेला खाली ठेवला नाही. पुन्हा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. इतका वेळ, की भाच्याने पुढे होऊन खुर्ची सरकवली. ती खुर्चीत बसली.

"हा आईचा," आत्या म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता.

लोक एकमेकांकडे बघू लागले. तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. अधिकारी बाईंच्या कारकुनाला वाटलं, ती धंद्यातल्या आईबद्दल बोलतेय. सिरक्यावर जी जाड, बुळबुळीत साय धरते तिला तिथे आई म्हणतात; तिचा तुकडा ताज्या रसात सोडला की नवा सिरका होतो. त्याने तसं लिहूनही घेतलं. अधिकारी बाईंनी यादी पाहिली. सातवा पेला खालच्या गावचा होता.

भाच्याला आनंद लपवता येईना. वेगळा काढला ना, मग झालं तर, असं तो ज्याला त्याला सांगू लागला. पण गावातल्या वयस्क माणसांचे चेहरे उतरले. आत्याची आई गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात वरच्या गावातली पिंपं एकामागून एक नासली होती. एकाही घरात तुकडा वाचला नव्हता. मग शहरातल्या दुकानातून बाटलीबंद आई आणून गावभर वाटली, आणि त्यानंतर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आत्यालाही ते ठाऊक होतं. न आठवण्याची तिने सवय करून घेतली होती.

खालच्या गावचा म्हातारा उठला.

"तुमची आई सुईण म्हणून आली होती आमच्याकडे, ताई. माझ्या वेळी. घरात काहीच नाही हे तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी बरणीत तुकडा घेऊन आली आणि माझ्या आईला म्हणाली, पोरासारखाच सांभाळ. आम्ही तो कधी बदलला नाही."

अधिकारी बाईंनी पेन उचललं. नियमाप्रमाणे त्यांना एवढंच विचारायचं होतं, की हा पेला बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, असं लिहू का? भाचा आत्याच्या कानाशी लागला, नुसतं हो म्हण. अख्खं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. ती हो म्हणाली असती तर ते खोटंही ठरलं नसतं.

"हा वेगळा नाही," आत्या म्हणाली. "बाकीचे सगळे वेगळे आहेत. तसं लिहा."

मग ती उठली, पेल्यात उरलेला सिरका पिऊन टाकला, टेबलाला वळसा घालून म्हाताऱ्यासमोर गेली आणि रिकामा पेला तिने दोन्ही हातांनी पुढे केला.

"मला थोडी आई द्याल?"