दाराचा गुन्हा

कुलूपवाल्या सगुणाताईंनी मिसाळांच्या दारावर तळवा टेकवला. इथली दारं बोलायची आणि येणाऱ्या प्रत्येकाचा तळवा वाचून त्याचे जुने गुन्हे तपासायची. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं दार बोललं, "विशीत घरफोडी. शिक्षा भोगलेली. आत सोडता येणार नाही."

आत एका वर्षाची ओवी रडत होती. तिची आई तनुजा कचरा टाकायला बाहेर आली होती, तेवढ्यात दार लागलं आणि त्याचं डोकं फिरलं. ते घरच्यांनाच ओळखेना.

"ताई, काहीही करा, गॅसवर दूध ठेवलंय," तनुजा रडकुंडीला आली.

सगुणाताईंनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. त्या दाराला म्हणाल्या, "माझं खरंच आहे रे बाबा. आता स्वतःचंही तपास. लेकराला कोंडून ठेवलंयस, हा गुन्हा कुणाच्या नावावर?"

दारांना खोटं बोलता येत नाही. ते हळूच म्हणालं, "माझ्या." आणि सताड उघडलं.

"नुसत्या तोंडानं कुलूप उघडणारी पहिलीच बघितली बाई," शेजारच्या काकू म्हणाल्या.

तेव्हापासून ते दार आल्यागेल्याला आधी आपला गुन्हा सांगतं, मगच तळवा मागतं. सगुणाताई दिसल्या, की मात्र काही न विचारता उघडतं.