आत रोल आहे

कॅमेऱ्यात रोल आहे, एवढंच सासऱ्यांना सांगायचं होतं. रोलवर सासूबाईंचे शेवटच्या दिवसांतले फोटो होते आणि ते बघायचा धीर सासऱ्यांना इतकी वर्षं झाला नव्हता. आज झाला, म्हणून कपाटातून घडीचा कॅमेरा काढून त्यांनी जावयापुढे ठेवला. जावयाला जुन्या कॅमेऱ्यांचा भारी नाद. रोल धुवायची सोय त्याच्याकडे असणारच.

"जावईबापू, याच्यात..."

"थांबा बाबा, मी दाखवतो." जावयाने चाप दाबला. पुढचं झाकण उघडलं, भिंग ओढल्यावर मागचा काळा भाता पसरला. "बघा, भाता अजून धड आहे. याला टाचणीएवढं भोक पडलं तरी कारभार आटोपला. उजेड हा फिल्मचा वैरी."

सासऱ्यांनी मान डोलावली. जावयाला मध्येच तोडायचं कसं? आणि तो बोलायचाही छान. ऐकणाऱ्याला वाटावं, कॅमेरा यानेच बनवलाय. वरच्या इवल्याशा आरशात डावं-उजवं कसं उलटं दिसतं ते त्याने सांगितलं. मग मागची लाल काच रुमालाने पुसली. "इथून फोटोचा नंबर दिसतो." नंबर दिसतही होता, म्हणजे आत रोल होताच. पण एकदा बोलण्याची तार लागली की माणसाला डोळ्यांपुढचं दिसत नाही.

"अहो, पण आत..."

"आतच चाललोय." त्याने मागचं दार उघडलं. रिळाला कागद गुंडाळलेला होता. "हे बघ," तो शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला, "कुणीतरी जुना कागद तसाच ठेवलाय." आणि जादूगाराने रुमाल ओढावा तसा त्याने तो ओढला.

कागदामागून राखाडी पट्टी सुळकन बाहेर आली आणि त्याच्या मांडीवर वेटोळं करून पडली. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन येत होतं.

"हिच्या आईचे फोटो आहेत त्यावर," सासरे म्हणाले. "तेच सांगत होतो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. जावयाचे कान तापले. बायकोकडे बघायची त्याची छाती झाली नाही. काहीतरी करायला हवं म्हणून तो पट्टी पुन्हा रिळावर गुंडाळू लागला. अगदी घट्ट, कडेला कड जुळवून. त्यात आता काही उरलेलं नाही, हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं.

त्याला गुंडाळताना पाहून सासरे घाईघाईने उठले. त्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला. दार लोटून खालच्या फटीला पायपुसणं सरकवलं. खोलीत अंधार झाला. निदान आपलं तोंड आता कुणाला दिसत नाही, म्हणून जावयाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"बघा हो जावईबापू," अंधारातून सासरे म्हणाले, "अजून कुठून उजेड येतोय का?"